आल्चिदे दे गास्पेरी : आघाडीच्या राजकारणातील एक श्रद्धावंत

डिसेंबर १९४५ ते ऑगस्ट १९५३ या पावणेआठ वर्षांच्या काळात इटलीमध्ये आठ मंत्रिमंडळे आली आणि गेली. मित्रपक्ष बदलले, खाती बदलली, राजा गेला, प्रजासत्ताक आले. पंतप्रधान मात्र आठही वेळा एकच होते. त्यांचे नाव आल्चिदे दे गास्पेरी. जर्मनीचे कोनराड आडेनाउअर व फ्रान्सचे रॉबर्ट शूमन यांच्याबरोबर युरोपीय ऐक्याचे शिल्पकार म्हणून त्यांचे नाव आदराने घेतले जाते. परंतु आपल्या घरच्या राजकारणात, नेता निवडण्याच्या रस्सीखेचीत आणि मित्रपक्षांच्या अटी-शर्तींच्या गुंत्यात या श्रद्धावंत गृहस्थाने कसे पाऊल टाकले, कोठे ते चुकले आणि कोठे त्यांनी साक्षात परमगुरुस्वामींच्या इच्छेपुढेही आपली सदसद्विवेकबुद्धी जागी ठेवली, ही कथा आपल्याकडे फारशी सांगितली गेलेली नाही.

दोन देशांच्या संसदेत

आल्चिदे यांचा जन्म ३ एप्रिल १८८१ रोजी त्रेन्तिनो प्रांतातील पिएवे तेसिनो या डोंगराळ गावी झाला. सोळाव्या शतकातील त्रेन्तची विश्वपरिषद ज्या नगरात भरली, त्याच त्रेन्तचा हा परिसर. येथील लोक इटालियन भाषा बोलत, पण प्रदेश ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सम्राटाच्या अंमलाखाली होता. वडील पोलीस दलात नोकरीला. घरची स्थिती बेताची. मुलगा हुशार असल्याने व्हिएन्ना विद्यापीठापर्यंत पोहोचला आणि १९०५ साली भाषाशास्त्राची पदवी घेऊन परत आला. त्रेन्तच्या महागुरुस्वामींनी त्या तरुणाच्या हाती कॅथलिक वृत्तपत्राचे संपादकत्व सोपविले.

१९११ साली ते व्हिएन्नाच्या संसदेत निवडून गेले. त्या सभागृहात जर्मन, झेक, पोलिश, क्रोएशियन, युक्रेनियन असे नाना भाषांचे प्रतिनिधी बसत आणि कोणालाही एकट्याच्या बळावर कारभार हाकता येत नसे. अल्पसंख्य गटाचा प्रतिनिधी म्हणून मोजक्या मतांच्या जोरावर आपल्या लोकांसाठी काही पदरात पाडून घेणे, हे शिक्षण त्यांना तेथे मिळाले. पुढील आयुष्यात त्यांनी केलेल्या वाटाघाटी पाहिल्या म्हणजे वाटते, की रोमपेक्षा व्हिएन्नानेच त्यांना अधिक घडविले असावे.

पहिल्या महायुद्धानंतर त्रेन्तिनो इटलीला मिळाला आणि दे गास्पेरी १९२१ मध्ये रोमच्या संसदेत आले. इटलीतील कॅथलिकांची राजकीय स्थिती त्या वेळी विलक्षण होती. १८७० साली नव्या इटालियन राज्याने पोपमहोदयांकडून रोम हिरावून घेतले होते आणि त्यानंतर कित्येक दशके कॅथलिकांनी राष्ट्रीय निवडणुकीत भाग घेऊ नये, असा ख्रिस्तसभेचा आदेश होता. ही बंदी पूर्णपणे उठली ती १९१९ मध्ये. त्याच वर्षी सिसिलीचे धर्मगुरू फादर लुईजी स्तुर्त्सो यांनी लोकपक्षाची स्थापना केली. दे गास्पेरी या पक्षाच्या संसदीय गटाचे प्रमुख झाले.

१९२२ ची चूक

ऑक्टोबर १९२२ मध्ये मुसोलिनी यांनी रोमवर चाल केली आणि राजाने त्यांनाच पंतप्रधानपद देऊ केले. मुसोलिनी यांच्यापाशी संसदेत जेमतेम पस्तीसच्या आसपास प्रतिनिधी होते. इतर पक्षांच्या आधाराशिवाय त्यांचे मंत्रिमंडळ उभे राहणे अशक्य होते. लोकपक्षाने तो आधार दिला. स्तुर्त्सो यांना हे मनापासून पटलेले नव्हते. दे गास्पेरी यांनी मात्र संसदीय गटाच्या वतीने पाठिंब्याची बाजू घेतली. सत्तेची जबाबदारी अंगावर पडली की हे उग्र लोक माणसाळतील, अशी त्या वेळी अनेक सभ्य माणसांची समजूत होती. दे गास्पेरी त्यांपैकीच एक होते. त्यांचे चरित्र लिहिताना हा प्रसंग झाकून ठेवण्याची काहींची प्रवृत्ती दिसते. ते योग्य नव्हे, कारण तीस वर्षांनंतरचा त्यांचा सर्वांत कठीण निर्णय या चुकीच्या आठवणीवाचून समजतच नाही.

सहा महिन्यांतच लोकपक्षाचे मंत्री बाहेर पडले. स्तुर्त्सो यांना १९२३ मध्ये सरचिटणीसपद सोडावे लागले व १९२४ मध्ये देशही सोडावा लागला. पक्षाची धुरा दे गास्पेरी यांच्या खांद्यावर आली. जून १९२४ मध्ये समाजवादी खासदार जाकोमो मात्तेओत्ती यांचा फॅसिस्टांनी खून केला, तेव्हा मुसोलिनी यांचे आसन डळमळले. लोकपक्ष आणि सौम्य समाजवादी एकत्र आले असते, तर राजापुढे पर्यायी सरकारचा प्रस्ताव मांडता आला असता. दे गास्पेरी यांच्या मनात तो विचार होता. परंतु कॅथलिकांनी समाजवाद्यांशी हातमिळवणी करावी, हे परमगुरुस्वामी अकरावे पायस यांना मान्य नव्हते व त्यांनी तसे स्पष्ट केले. आघाडी झाली नाही. १९२६ च्या नोव्हेंबरात सर्व विरोधी पक्षांवर बंदी आली.

तुरुंग आणि ग्रंथालय

मार्च १९२७ मध्ये पत्नी फ्रान्चेस्का यांच्यासह रेल्वेने प्रवास करीत असताना दे गास्पेरी यांना अटक झाली. गुप्तपणे देश सोडण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप ठेवण्यात आला. चार वर्षांची शिक्षा झाली, ती पुढे कमी करण्यात आली आणि जुलै १९२८ मध्ये ते सुटले. सुटले म्हणजे काय, पोलिसांची नजर कायमच होती, नोकरी देण्यास कोणी धजत नव्हते आणि घर चालवायचे होते. त्यांनी जर्मन पुस्तकांची भाषांतरे करून दिवस काढले. अखेर १९२९ मध्ये काही हितचिंतकांच्या प्रयत्नांनी व्हॅटिकन ग्रंथालयात तात्पुरत्या स्वरूपाचे काम मिळाले. पुस्तकांच्या नोंदी करण्याचे ते काम होते. दोन देशांच्या संसदा गाजविलेला हा माणूस पुढील चौदा वर्षे नोंदीची कार्डे लिहीत बसला.

त्याच वर्षी, ११ फेब्रुवारी १९२९ रोजी, पवित्र पीठ आणि मुसोलिनी यांचे सरकार यांच्यात लॅटरन करार झाला. साठ वर्षांचा रोमचा प्रश्न मिटला याचे दे गास्पेरी यांना समाधान होते. पण ज्या राजवटीने आपला पक्ष चिरडला, तिच्या स्तुतीसाठी देवळांच्या घंटा वाजताना ऐकणे त्यांना जड गेले असल्यास नवल नाही. ते जाहीरपणे काही बोलले नाहीत. टोपणनावाने व्हॅटिकनच्या एका नियतकालिकात जगाच्या घडामोडींवर लिहीत राहिले, चार मुलींना वाढवीत राहिले आणि जुन्या सहकाऱ्यांशी जपून संपर्क ठेवीत राहिले.

दुसऱ्या महायुद्धात इटलीची दुर्दशा झाली तेव्हा याच संपर्कांतून ख्रिस्ती लोकशाही पक्ष उभा राहिला. जुलै १९४३ मध्ये मुसोलिनी पदच्युत झाले आणि सप्टेंबरात जर्मन सैन्याने रोम ताब्यात घेतले. फॅसिस्टविरोधी सहा पक्षांनी मिळून राष्ट्रीय मुक्ती समिती स्थापन केली होती. तिचे नेते आता जिवाच्या भीतीने लपून राहू लागले. त्यांपैकी अनेकांना लॅटरन येथील सेमिनरीच्या इमारतींत आसरा मिळाला. दे गास्पेरी तेथे होते, तसेच समाजवाद्यांचे पुढारी पिएत्रो नेन्नीही होते. १९२४ मध्ये ज्या दोन पक्षांना एका टेबलाशी बसू दिले गेले नाही, त्यांचे पुढारी वीस वर्षांनी एकाच धार्मिक छताखाली आश्रित म्हणून राहत होते.

पार्री यांच्यानंतर कोण?

एप्रिल १९४५ मध्ये संपूर्ण इटली मुक्त झाली आणि देशाचे नेतृत्व कोणी करावे हा प्रश्न उभा राहिला. निवडणूक झालेली नव्हती, त्यामुळे कोणाची ताकद किती हे कोणालाच ठाऊक नव्हते. सहा पक्ष समान हक्काने एकत्र बसत आणि कोणताही एक पक्ष इतरांचा उमेदवार अडवू शकत असे. नेन्नी यांनी पंतप्रधानपदावर दावा सांगितला. ख्रिस्ती लोकशाही पक्षाने तो रोखला. दे गास्पेरी यांचे नाव पुढे आले तेव्हा डाव्यांनी ते रोखले. कित्येक आठवड्यांच्या घासाघिशीनंतर जून महिन्यात छोट्या कृती पक्षाचे फेरुच्चो पार्री यांच्यावर एकमत झाले. पार्री उत्तरेतील सशस्त्र प्रतिकाराचे नेते, निष्कलंक, कष्टाळू. दोन्ही बाजूंना चालतील असे. पण ज्याची निवड सर्वांना चालतो म्हणून होते, त्याच्यामागे संकटकाळी कोणीच ठामपणे उभा राहत नाही. पार्री यांचे तसेच झाले.

नोव्हेंबरात उदारमतवादी पक्षाने आपले मंत्री मागे घेतले. फॅसिस्टांना नोकऱ्यांतून दूर करण्याची मोहीम आणि मुक्ती समितीने उत्तरेत नेमलेले जिल्हाधिकारी, हे त्यांच्या तक्रारीचे मुख्य विषय होते. सहा पक्षांच्या पायावर उभे असलेले सरकार आता तसे राहिले नाही, अशी भूमिका दे गास्पेरी यांनी घेतली आणि २४ नोव्हेंबर रोजी पार्री यांनी राजीनामा दिला. निरोपाच्या सभेत पत्रकारांसमोर त्यांनी हा प्रकार सत्ता बळकावण्यासारखा असल्याचा आरोप केला. दे गास्पेरी तेथेच बसलेले होते. त्यांनी उठून परदेशी वार्ताहरांना, हा शब्द आपल्या देशाबाहेर पाठवू नये, अशी कळकळीची विनंती केली. नुकत्याच हरलेल्या, भुकेलेल्या, शत्रुराष्ट्र म्हणून वागविल्या जाणाऱ्या इटलीची लाज त्यांना राखायची होती. पार्री यांच्या मनातील कडवटपणा मात्र गेला नाही. त्याचे फळ पुढे १९५३ मध्ये दिसणार होते.

त्यानंतर पंधरवडाभर बैठकांवर बैठका झाल्या. उदारमतवाद्यांना फॅसिस्टपूर्व काळातील एखादा वयोवृद्ध नेता हवा होता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीचे पंतप्रधान ओर्लांदो यांचे नाव त्यांनी सुचविले. डाव्यांना ते जुने दिवस परत नको होते. अखेर दे गास्पेरी यांच्या नावावर तडजोड झाली. कम्युनिस्टांचे नेते पाल्मिरो तोल्यात्ती यांनी ती का मान्य केली, हे समजण्यासारखे आहे. जनतेत खरी मुळे असलेले पक्ष तीनच आहेत, कॅथलिकांना दूर ठेवून इटलीचा कारभार चालणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. खातेवाटपात नेन्नी उपपंतप्रधान झाले, तोल्यात्ती न्यायमंत्री झाले आणि निवडणुका घेणारे गृहखाते समाजवादी रोमिता यांच्याकडे गेले. परराष्ट्रखाते दे गास्पेरी यांनी स्वतःकडे ठेवले. उदारमतवाद्यांच्या समाधानासाठी मुक्ती समितीने नेमलेल्या जिल्हाधिकाऱ्यांच्या जागी सरकारी सेवेतील अधिकारी आणण्याचे कबूल करण्यात आले. शुद्धीकरणाची मोहीम थंडावली आणि बरेच जुने अधिकारी आपापल्या खुर्चीत राहिले. ही किंमत लहान नव्हती.

१० डिसेंबर १९४५ रोजी मंत्रिमंडळ अस्तित्वात आले. १८६१ मध्ये इटलीचे एकीकरण झाल्यापासून कॅथलिक पक्षाचा नेता पंतप्रधान होण्याची ही पहिलीच वेळ होती.

राजा की प्रजासत्ताक

फॅसिस्टांना सत्तेवर बसविणारे राजघराणे ठेवायचे की नाही, या प्रश्नाने नवे सरकार मोडले असते. डाव्यांच्या मते हा निर्णय निवडून येणाऱ्या घटना समितीने करावा. दे गास्पेरी यांचा आग्रह होता की जनतेलाच थेट विचारावे. त्यामागे तत्त्व होते, तसा हिशोबही होता. त्यांच्या पक्षाचे बहुसंख्य सभासद प्रजासत्ताकाच्या बाजूचे होते, पण मतदारांमध्ये, विशेषतः दक्षिणेत, राजाचे चाहते पुष्कळ होते. सार्वमत घेतले तर पक्षाला एका बाजूला उभे राहून दुसरी बाजू गमवावी लागणार नव्हती. शेवटी सार्वमतच ठरले. २ जून १९४६ रोजी इटलीच्या स्त्रियांनी प्रथमच राष्ट्रीय मतदान केले. प्रजासत्ताकाला सुमारे १ कोटी २७ लाख, तर राजेशाहीला सुमारे १ कोटी ७ लाख मते मिळाली. घटना समितीच्या ५५६ जागांपैकी २०७ जागा ख्रिस्ती लोकशाही पक्षाला मिळून तो सर्वांत मोठा ठरला.

राजा उंबेर्तो निकाल मान्य करण्यास तयार नव्हते. न्यायालयाची अंतिम घोषणा बाकी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. काही दिवस देश यादवीच्या काठावर उभा होता. नेपल्समध्ये रक्त सांडले. १२ जूनच्या रात्री मंत्रिमंडळाने राष्ट्रप्रमुखाचे अधिकार पंतप्रधानांकडे आल्याचे ठरविले आणि दुसऱ्या दिवशी राजा निषेधाचे पत्रक मागे ठेवून विमानाने पोर्तुगालला निघून गेला. ग्रंथालयातील कार्डे लिहिणारा माणूस दोन आठवडे इटलीचा राष्ट्रप्रमुख होता!

हंगामी राष्ट्रप्रमुख निवडताना दे गास्पेरी यांचे कसब दिसून आले. हरलेल्या दक्षिणेला आणि राजनिष्ठांना आपलेसे करणारे नाव हवे होते. ओर्लांदो आणि तत्त्वज्ञ क्रोचे यांच्या नावांवरून पक्षांचे जमेना. शेवटी नेपल्सचे कायदेपंडित एन्रिको दे निकोला यांच्यावर सर्वांनी मान डोलावली. ते मनाने राजेशाहीवादी होते. प्रजासत्ताकाचा पहिला प्रमुख राजाचा चाहता असावा, यात विसंगती दिसेल. पण जिंकलेल्यांनी हरलेल्यांना दिलेली ती जागा होती.

बहुमत मिळूनही आघाडी

१९४७ चे वर्ष वादळी ठरले. मार्चमध्ये लॅटरन कराराला नव्या घटनेत स्थान देण्याच्या कलमावर मतदान झाले, तेव्हा कम्युनिस्टांनी सर्वांना चकित करून बाजूने मते दिली. तोल्यात्ती यांना वाटले असावे की यामुळे सत्तेतील भागीदारी पक्की होईल. दोनच महिन्यांनी, १३ मे रोजी, दे गास्पेरी यांनी राजीनामा दिला. दे निकोला यांनी प्रथम नित्ती व नंतर ओर्लांदो या ज्येष्ठांना सरकार बनविण्यास सांगितले. दोघांना जमले नाही. पुन्हा पाचारण झाले ते दे गास्पेरी यांनाच, आणि ३१ मे रोजी त्यांनी कम्युनिस्ट व समाजवाद्यांना वगळून मंत्रिमंडळ बनविले. यात अमेरिकेचा दबाव किती आणि त्यांचा स्वतःचा निर्णय किती, यावर इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. मंत्रिमंडळात बसून रस्त्यावर त्याच मंत्रिमंडळाविरुद्ध संप घडविणारे भागीदार नकोत, ही त्यांची तक्रार खरी होती. तेवढेच हेही खरे की, पहिले काही महिने हे सरकार उजव्या गटांच्या मतांवर तगले. ही अवस्था त्यांना आवडत नव्हती. डिसेंबरात सारागात यांचे समाजवादी लोकशाहीवादी आणि प्रजासत्ताक पक्ष मंत्रिमंडळात आले, तेव्हा ते परावलंबन संपले.

१८ एप्रिल १९४८ च्या निवडणुकीत ख्रिस्ती लोकशाही पक्षाला ४८.५ टक्के मते आणि ५७४ पैकी ३०५ जागा मिळाल्या. कॅथलिक संघटनांनी धर्मग्रामाधर्मग्रामांत केलेल्या प्रचाराचा त्यात मोठा वाटा होता. आता कोणाचीही गरज उरली नव्हती. पक्षातील आणि ख्रिस्तसभेतील अनेकांना वाटत होते की केवळ कॅथलिकांचे सरकार बनविण्याची वेळ आली आहे. दे गास्पेरी यांनी नकार दिला. उदारमतवादी, प्रजासत्ताकवादी आणि समाजवादी लोकशाहीवादी या तीन लहान पक्षांना त्यांनी बरोबर घेतले. देश धार्मिक आणि धर्मनिरपेक्ष अशा दोन छावण्यांत विभागला गेला, तर एकोणिसाव्या शतकातील ती जुनी जखम पुन्हा उघडेल, अशी त्यांना भीती होती. 

मे महिन्यात राष्ट्राध्यक्षाची निवड होती. येथे स्वपक्षीयांनीच त्यांना धडा शिकविला. त्यांचे उमेदवार होते परराष्ट्रमंत्री कार्लो स्फोर्त्सा, प्रजासत्ताक पक्षाच्या जवळचे. मतदान गुप्त असल्याने ख्रिस्ती लोकशाही पक्षाच्याच डाव्या गटातील अनेकांनी त्यांना मत दिले नाही. दोन फेऱ्या वाया गेल्यावर दे गास्पेरी यांनी हट्ट सोडला आणि उदारमतवादी अर्थतज्ज्ञ लुईजी एइनाउदी यांचे नाव पुढे केले. चौथ्या फेरीत, ११ मे १९४८ रोजी, एइनाउदी ५१८ मतांनी निवडून आले. विशेष म्हणजे दोन्ही सभागृहे मिळून जो पक्ष बहुमताच्या उंबरठ्यावर होता, त्याने सर्वोच्च पदासाठी आपला माणूस सुचविलाच नव्हता.

त्यानंतरच्या वर्षांतील जमीन सुधारणा, दक्षिणेच्या विकासाचा निधी, कोळसा व पोलाद समुदाय यांचा नुसता उल्लेख करून पुढे जाऊ, कारण या चरित्राचा सर्वांत हृदयस्पर्शी भाग १९५२ सालचा आहे.

रोमची महानगरपालिका आणि एक नाकारलेली भेट

मे १९५२ मध्ये रोमच्या महानगरपालिकेची निवडणूक होती. पवित्र नगरीवर कम्युनिस्टांचा झेंडा फडकेल, या कल्पनेने परमगुरुस्वामी बारावे पायस अस्वस्थ झाले होते. कॅथलिक चळवळीचे प्रमुख लुईजी जेद्दा आणि सुप्रसिद्ध येशूसंघीय प्रवचनकार फादर रिक्कार्दो लोंबार्दी यांच्या प्रयत्नांनी एक योजना पुढे आली. कम्युनिस्टांविरुद्ध सर्वांची एकच यादी करावी, तीत राजसत्तावाद्यांबरोबर नवफॅसिस्टांनाही घ्यावे आणि तिचे नेतृत्व वृद्ध फादर स्तुर्त्सो यांनी करावे. ज्यांनी स्तुर्त्सो यांना देशोधडीला लावले त्यांच्याच वारसदारांबरोबर! दैव कधी कधी कशी जुळणी करते पाहा.

हिशोब साधा होता. मतांची बेरीज होत होती आणि पायसमहोदयांचा आशीर्वाद होता. दे गास्पेरी मात्र तयार होईनात. फादर लोंबार्दी त्यांच्या कास्तेल गांदोल्फो येथील घरी गेले आणि फ्रान्चेस्का यांच्याजवळ बराच वेळ बसून पतीचे मन वळविण्याची गळ त्यांनी घातली. श्रद्धाळू पत्नीवर त्या दुपारी काय ओढवले असेल याची आपण कल्पना करू शकतो. परमगुरुस्वामींनी प्रत्यक्ष आज्ञा केलीच तर आपण मान तुकवू, पण मग राजकारणातून निवृत्त होऊ, अशी दे गास्पेरी यांची भूमिका असल्याचे चरित्रकार सांगतात. १९२२ मध्ये त्यांनी अशाच लोकांना एकदा मते दिली होती. शिवाय ही यादी झाली असती तर चार पक्षांची आघाडी त्याच दिवशी फुटली असती, आणि कॅथलिक पक्ष पुन्हा एकदा फॅसिस्टांचा सोबती म्हणून ओळखला गेला असता.

त्यांची बाजू व्हॅटिकनमध्ये समजून घेणारे एक मोन्सिन्योर होते, जोव्हान्नी बात्तिस्ता मोंतीनी. हेच पुढे संत सहावे पॉल झाले आणि १९६४ साली युखॅरिस्टिक काँग्रेससाठी मुंबईला आले. काही दिवसांतच स्तुर्त्सो यांनी माघार घेतली आणि योजना बारगळली. निवडणूक झाली आणि दे गास्पेरी यांच्या पक्षाने मित्रपक्षांसह ती जिंकली; रोम कम्युनिस्टांच्या हाती गेले नाही.

जूनमध्ये दे गास्पेरी यांच्या विवाहाला तीस वर्षे पूर्ण होत होती. कन्या लुचिया व्रतस्थ भगिनी झाली होती आणि तिचे अंतिम व्रतग्रहण त्याच सुमारास होते. या कौटुंबिक आनंदाच्या प्रसंगी परमगुरुस्वामींची भेट व आशीर्वाद मिळावा, अशी विनंती त्यांनी केली. ती नाकारण्यात आली.

इटलीच्या राजदूतामार्फत त्यांनी दिलेले उत्तर जतन झाले आहे. ख्रिस्ती माणूस म्हणून हा अपमान आपण स्वीकारतो, परंतु इटलीचा पंतप्रधान व परराष्ट्रमंत्री म्हणून, ज्या पदाची प्रतिष्ठा आपल्याला सोडता येत नाही तिच्यासाठी, पवित्र पीठाकडे खुलासा मागणे आपले कर्तव्य आहे, असा त्याचा आशय होता. यापलीकडे त्यांनी त्याचा गाजावाजा केला नाही. नेमाने मिस्साबलिदानात सहभागी होणारा हा गृहस्थ तसाच जात राहिला.

शेवटचा डाव

१९५३ च्या निवडणुकीपूर्वी त्यांच्या सरकारने नवा कायदा आणला. ज्या आघाडीला निम्म्याहून एक मत अधिक मिळेल तिला कनिष्ठ सभागृहात जवळजवळ ६५ टक्के जागा मिळाव्यात, अशी त्यात तरतूद होती. लहान मित्रपक्षांना धरून राहायचे आणि स्थिर बहुमतही मिळवायचे, हा त्यामागचा उद्देश. विरोधकांनी त्याला फसवणुकीचा कायदा असे नाव दिले आणि ते चिकटले. २९ मार्च रोजी, झावळ्यांच्या रविवारी, वरिष्ठ सभागृहात खुर्च्या-बाकांची फेकाफेक चालू असता तो संमत झाला. दे गास्पेरी यांचा हेतू काहीही असो, मुसोलिनी यांनी १९२३ मध्ये केलेल्या निवडणूक कायद्याची आठवण अनेकांना झाली. ती होणारच होती. हा त्यांचा दुसरा मोठा चुकलेला अंदाज म्हणावा लागेल.

७ जून रोजी मतदान झाले. चार पक्षांच्या आघाडीला ४९.८ टक्के मते पडली. साठ हजारांहूनही कमी मतांनी तो उंबरठा हुकला. या कायद्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या एका छोट्या यादीने दीड लाखाहून अधिक मते घेतली होती. तिच्या संस्थापकांत फेरुच्चो पार्री होते.

दे गास्पेरी यांनी आठवे मंत्रिमंडळ बनविले, पण जुने सोबती बिचकले होते. सारागात परतले नाहीत. राजसत्तावाद्यांच्या मतांवर सरकार वाचले असते. त्यांची किंमत चुकविण्यास दे गास्पेरी तयार नव्हते आणि त्यांनी विरोधात मतदान केले. २८ जुलै १९५३ रोजी विश्वासदर्शक ठराव फेटाळला गेला. ऑगस्टमध्ये त्यांच्याच पक्षाचे जुझेप्पे पेल्ला राजसत्तावाद्यांच्या मदतीने पंतप्रधान झाले.

पुढे वर्षभर त्यांनी पक्षाचे सरचिटणीसपद सांभाळले. प्रकृती ढासळत होती. १९५४ च्या मे महिन्यात कोळसा व पोलाद समुदायाच्या संसदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. संयुक्त युरोपीय सैन्याचा करार फ्रान्समध्ये अडकला आहे याची चिंता त्यांना अखेरच्या दिवसांत छळत होती. १९ ऑगस्ट १९५४ रोजी त्रेन्तिनोमधील सेल्ला या डोंगरगावी येशूचे नाव घेत त्यांनी प्राण सोडल्याचे त्यांच्या कन्येने लिहून ठेवले आहे. पुढे अकरा दिवसांनी फ्रान्सच्या संसदेने तो करार बाजूला सारला.

त्यांचे शव आगगाडीने रोमला नेण्यात आले. वाटेतील स्थानकांवर लोक गुडघे टेकून उभे होते. १९९३ मध्ये त्रेन्त येथे त्यांच्या संतपदासाठीची प्रक्रिया सुरू झाली आणि देवाचे सेवक म्हणून त्यांचा उल्लेख होऊ लागला. धर्मप्रांतीय पातळीवरील चौकशीचा टप्पा २०२५ च्या फेब्रुवारीत रोममध्ये, लॅटरन येथे, पूर्ण झाला. नगरभिंतीबाहेरील संत लॉरेन्स यांच्या महामंदिराच्या प्रवेशमंडपात शिल्पकार जाकोमो मांझू यांनी घडविलेली त्यांची समाधी आहे. त्याच मंदिरात आत, वेदीच्या मागील बाजूस, नववे पायस यांचे दफन झालेले आहे. रोम गमावल्यानंतर इटलीच्या कॅथलिकांना मतदानापासून दूर राहण्यास सांगणारे परमगुरुस्वामी ते हेच.